स्नेह, मलम, मॉइश्चरायझर : कोरड्या त्वचेचा मराठी इतिहास

दसरा सरला की मराठवाड्याची हवा बदलते. पाऊस गेलेला असतो, रब्बीची ज्वारी पेरून होत आलेली असते आणि वाऱ्यातला ओलावा दिवसागणिक आटत जातो. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, पोटरीवर नख ओढले तर पांढरी रेघ उमटते. बहुतेकांसाठी हा थंडीपुरता त्रास. पण ज्यांना इसब आहे, म्हणजे कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागे, मानेवर किंवा तान्ह्याच्या गालांवर खाजणारे लाल चट्टे आहेत, त्यांच्या घरात या दिवसांत रात्रीची झोप उडते. मूल खाजवते, आई हात धरते, आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात.

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून निघून, १८५७ च्या बंडातल्या सैनिकांना जिथे देहदंड झाला त्या काळ्या चबुतऱ्याची आठवण मागे ठेवून, सिल्लेखान्यावरून पैठण गेट आणि पुढे गुलमंडीकडे चालत जावे. औषधांची दुकाने, आयुर्वेदिक भांडारे, सौंदर्यप्रसाधने, अत्तरे, खाद्यतेले असे सगळे या शहराच्या बाजारात तासाभराच्या पायपिटीत भेटते. कोरड्या अंगाला लावायचे म्हणून या प्रत्येक ठिकाणी काही ना काही मिळते आणि प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारते : ‘यातले त्रास न होणारे कोणते?’

हा प्रश्न आजचा नाही. त्याला आपल्या समाजाने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली. कधी परंपरेने, कधी वासाने, कधी कोर्टाने, कधी प्रयोगशाळेने. ही उत्तरे एकामागून एक तपासून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तीन शब्द

आधी शब्दांकडे पाहू. तेल-तुपाला संस्कृतात ‘स्नेह’ म्हणतात आणि मायेलाही स्नेहच म्हणतात. ‘स्निग्ध’ हा शब्द त्याच धातूतून आलेला. अंगाला तेल चोळणे हे आपल्याकडे नुसते औषध कधीच नव्हते. ते लाडाचे, मानाचे, बाळंतिणीच्या आणि बाळाच्या सेवेचे काम होते.

‘मलम’ शब्दाचा प्रवास लांबचा आहे. तो फारसी-अरबी ‘मरहम’वरून आपल्याकडे आला. व्युत्पत्तीचे अभ्यासक मरहमचे नाते ग्रीक ‘मालाग्मा’ या शब्दाशी जोडतात, आणि मालाग्माचा अर्थ ‘मऊ करणारा लेप’. युनानी हकिमांची परंपरा ज्या शहरात शतकानुशतके नांदली, त्या आपल्या शहरात हा शब्द घरोघरी रुळला यात नवल नाही. आजच्या त्वचारोगतज्ज्ञांचा ‘इमोलियंट’ हा शब्द लॅटिन असला, तरी त्याचाही अर्थ तोच : मऊ करणारे. म्हणजे आपली आजी ‘मलम लाव’ म्हणायची आणि आजचा डॉक्टर ‘इमोलियंट लावा’ म्हणतो, तेव्हा दोघेही मुळात एकच शब्द उच्चारत असतात.

तिसरा शब्द ‘इसब’. इंग्रजीतला एक्झिमा ग्रीक भाषेतून आला, अर्थ ‘उकळून वर येणे’. आयुर्वेदाच्या संहितांत ‘विचर्चिका’ हा क्षुद्रकुष्ठांतला एक प्रकार सांगितला आहे आणि वैद्य मंडळी इसबाचे नाते सहसा त्याच्याशी लावतात. मराठीत मात्र इसब, गजकर्ण, नायटा, खरूज हे शब्द बोलण्यात एकमेकांत मिसळतात. हा केवळ भाषेचा गोंधळ नाही. गजकर्ण बुरशीने होते, खरूज सूक्ष्म किड्याने होते आणि दोन्ही संसर्गजन्य आहेत. इसब एकाचे दुसऱ्याला लागत नाही. तिन्हींना खाज असते, उपाय मात्र तीन. चुकीच्या नावाने आणलेले मलम काय करते, ते पुढे येईल.

मर्दन आणि उटणे

तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त मर्दन आणि मादणे, म्हणजे अंग चोळणे आणि स्नान, यांचे उल्लेख वारंवार येतात. चक्रधरांचे वास्तव्य ज्या पैठणला झाले, ते क्रांती चौकापासून पन्नासेक किलोमीटरवर. आठशे वर्षांपूर्वी याच कोरड्या मुलुखात आंघोळीआधी अंग चोळून घेणे हा नित्याचा उपचार होता, हे त्यावरून कळते. दिवाळीचे अभ्यंगस्नान हा त्याच सवयीचा सणाला बांधलेला अवशेष. हवा कोरडी पडू लागते नेमक्या त्याच दिवसांत तो येतो.

तेल मात्र सगळीकडे एक नव्हते. जे पिकते ते अंगाला, हा साधा नियम. कोकणात खोबरेल, आणि भेगांसाठी कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, ज्याला भिरंडेल म्हणतात. ते हवेत गोळ्यासारखे राहते आणि अंगाच्या उबेने विरघळते. देशावर तीळ. मराठवाड्यात करडई आणि शेंगदाणा. खाजेसाठी करंजाचे आणि कडुनिंबाचे तेल वेगळे काढून ठेवलेले.

ही सगळी तेले त्वचेला सारखीच का? गेल्या काही दशकांतले प्रयोग ‘नाही’ म्हणतात. २०१३ मध्ये शेफील्डच्या संशोधकांनी ऑलिव्ह तेल आणि सूर्यफुलाचे तेल यांची तुलना प्रौढांच्या त्वचेवर केली. ऑलिव्ह तेलाने त्वचेचा बाहेरचा थर कमकुवत झाला, सूर्यफुलाने तो टिकला. २०१४ मध्ये फिलिपिन्समधून ११७ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवड्यांनी शुद्ध खोबरेल लावलेल्या मुलांचे इसब खनिज तेल लावलेल्यांपेक्षा जास्त सुधारलेले आढळले. मोहरीच्या तेलाने मात्र प्रयोगातल्या उंदरांच्या त्वचेचा थर बिघडला होता.

शेंगदाणा तेलाची गोष्ट आणखी वेगळी आहे. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या बालक-अभ्यासातून असे दिसले की, ज्या तान्ह्यांच्या इसबावर शेंगदाणा तेल असलेले मलम लावले गेले, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. त्यातून एक विचार पुढे आला आणि तो आता बऱ्यापैकी स्थिरावला आहे. खाण्याचा पदार्थ पोटातून ओळखीचा झाला तर शरीर त्याला सहसा आपला मानते. तोच फाटलेल्या त्वचेतून आत शिरला तर परका मानण्याची शक्यता वाढते. साय, डाळीचे पीठ, दूध, बदाम हे सगळे आपल्या उटण्यात आणि लेपात असते. धडधाकट त्वचेला त्याचा त्रास नाही. चिघळलेल्या इसबावर, विशेषतः तान्ह्याच्या, ते लावू नये.

उटण्याबद्दल आणखी एक. नागरमोथा, गवला कचोरा, आंबेहळद, वाळा, चंदन या सगळ्यांचे वैभव त्यांच्या वासात आहे, आणि वासाची द्रव्ये ही इसबाच्या त्वचेची जुनी वैरी. शिवाय उटण्याचे काम तेल काढून टाकण्याचे. जुन्या रिवाजात आधी भरपूर तेल आणि मग उटणे, असा जो क्रम होता त्यात तोल होता. आता तेलाचे बोट लावायचे, उटणे घासायचे आणि वर सुगंधी साबण, असा प्रकार झाला. साधारण साबण अल्कधर्मी असतो, त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल. इसबाच्या मुलासाठी पहिल्या आंघोळीचा सोहळा तेलापर्यंत ठेवावा आणि उटणे-साबण कपाळाला टिळ्यापुरते लावावे. त्याने सण काही कमी होत नाही.

शंभर वेळा धुतलेले तूप

आयुर्वेदातल्या ‘शतधौत घृता’ची कृती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते. तांब्याच्या परातीत गाईचे तूप घ्यायचे, पाणी घालून तळव्याने किंवा तांब्याच्या भांड्याच्या बुडाने फेसायचे, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा नवे घालायचे. असे शंभर वेळा. पिवळे, रवाळ तूप हळूहळू पांढरे, लोण्याहून मऊ आणि गार होते. भाजल्यावर, दाहावर ते लावायची पद्धत होती.

इथे घडते काय? पाण्याचे सूक्ष्म थेंब तुपात अडकतात, म्हणजेच आजच्या भाषेत ‘क्रीम’ तयार होते. दुसऱ्या शतकातला रोममधला वैद्य गॅलन मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून जे करत होता आणि ज्याला युरोपात पुढे कोल्ड क्रीम म्हटले गेले, त्याचे तत्त्व हेच. त्यातले पाणी उडताना त्वचा गार पडते, म्हणून ‘कोल्ड’.

आजच्या वापरासाठी दोन अटी मात्र सांगायला हव्यात. पाणी असलेल्या आणि परिरक्षक नसलेल्या कोणत्याही मलमात जंतू वाढू शकतात, म्हणून घरी केलेले थोडेच करावे आणि लवकर संपवावे. आणि ज्या बाळाला दुधाची ॲलर्जी आहे त्याच्या फुटलेल्या त्वचेवर तूप नको.

खाणीतून आणि लोकरीतून

१८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनज्ञ अमेरिकेतल्या टायटसव्हिल गावी तेलविहिरी पाहायला गेला. पंपाच्या दांड्यांवर साचणारा चिकट गाळ कामगारांना नकोसा होता, पण कापल्या-भाजल्यावर तेच कामगार तो जखमेला फासत होते. चेसब्रोने तो शुद्ध केला आणि १८७२ मध्ये ‘व्हॅसलीन’ नावाने पेटंट घेतले. पेट्रोलियम जेली त्वचेला काहीच पुरवत नाही. ती फक्त झाकण घालते, आणि त्वचेतून उडणारे पाणी अडवण्यात आजही तिच्या तोडीचे फार थोडे आहे. तिच्यात वास नाही, पाणी नाही, म्हणून परिरक्षकही लागत नाही. चांगली शुद्ध केलेली असली की ॲलर्जी जवळजवळ नाहीच.

दुसरे द्रव्य मेंढीच्या लोकरीतले. ते १८८२ मध्ये जर्मनीत शुद्ध करून ‘लॅनोलिन’ म्हणून विकायला काढले गेले. त्यातूनच पुढे पाणी धरून ठेवणारा एक घटक वेगळा काढला गेला आणि १९११ मध्ये हॅम्बुर्गमध्ये ‘निव्हिया’ जन्मली. आपल्या धनगरांच्या हातांना लोकर कातरताना लागते तीच ही चिकटाई. लॅनोलिन गुणी आहे, पण इसब असलेल्यांपैकी काहींना त्याचीच ॲलर्जी होते.

बोरिक पावडर आणि बोरिकयुक्त मलमेही मराठी घरात अनेक वर्षे होती. सोललेल्या त्वचेतून बोरिक ॲसिड शरीरात शोषले जाते आणि तान्ह्यांना विषबाधा करू शकते, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांना पुरते कळले होते. घराघरांतल्या फडताळांतून त्या डब्या हलायला मात्र त्यानंतर बराच काळ गेला.

स्नोचा जमाना

१९१९ मध्ये मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. निळ्या काचेची ती बाटली दोन-तीन पिढ्यांच्या आरशासमोर उभी होती. ‘स्नो’ म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम : स्टिअरिक ॲसिडचा काही भाग अल्कलीने साबणात बदलायचा आणि पुष्कळ पाण्यात मिसळायचा. लावताच पाणी उडते, पातळ थर राहतो, चेहरा तेलकट दिसत नाही.

इथे एक महत्त्वाचा पालट झाला. तोपर्यंत अंगाला लावायची वस्तू किती तेलकट, यावर तिची किंमत ठरे. आता किती तेलकट नाही, यावर ठरू लागली. तेल चोपडलेला चेहरा गावंढळ ठरला. इसबाच्या त्वचेला मात्र हवी होती तीच जुनी तेलकटी. स्नोची चूक नव्हती. तो चेहऱ्याच्या शोभेसाठी केलेला होता. पण ‘क्रीम’ या एकाच शब्दाखाली शोभेची आणि उपचाराची वस्तू एकत्र आली, ती पुन्हा वेगळी झालीच नाही.

हळदीची क्रीम आणि कोर्ट

केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला ‘विको’ सुरू केली. पुढे १९७० च्या दशकात त्यांच्या घराण्याने हळदीची क्रीम आणली. उत्पादनशुल्क खात्याने विचारले : हे औषध की सौंदर्यप्रसाधन? दोहोंच्या कराचे दर वेगळे होते. हा वाद ठाण्याच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २००४ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल लागला : औषध.

एका मराठी उद्योगाने नेटाने लढलेला हा खटला कर आणि व्याख्येच्या इतिहासात मोलाचा आहे. पण वाचकाने त्यातून एक गोष्ट नेमकी समजून घ्यावी. कोर्टाने ठरवले ते वस्तूचे वर्गीकरण. कोणाच्या त्वचेला काय सोसेल, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. पुड्यावरचा ‘आयुर्वेदिक औषध’ किंवा ‘सौंदर्यप्रसाधन’ हा शिक्का म्हणजे कायद्यातला कप्पा. तो कप्पा इसबाच्या रुग्णाला सुरक्षिततेची हमी देत नाही, आणि धोक्याची सूचनाही देत नाही.

विटा आणि गारा

आता त्वचा काय सांगते ते पाहू. तिचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा गारा. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, फिलॅग्रिन हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातले दोष इसबाशी घट्ट जोडलेले आहेत. फिलॅग्रिन कमी पडले की विटा पोचट होतात, पाणी बाहेर जाते, धूळ-साबण आत येतो. ‘रक्तातली उष्णता’ म्हणून ज्याला पिढ्यान् पिढ्या पथ्याने मारायचा प्रयत्न झाला, त्याचे एक मोठे मूळ भिंतीतच निघाले.

गाऱ्याची कथा आणखी जुनी. १९२९ मध्ये अमेरिकेत बर दांपत्याने उंदरांना स्निग्ध पदार्थांशिवाय आहार दिला. त्यांची कातडी खवल्यांसारखी झाली. त्यातून लिनोलिक ॲसिड हे अत्यावश्यक मेदाम्ल पुढे आले. त्वचेच्या गाऱ्यातल्या सेरामाइडमध्ये ते लागते. आणि नेहमीच्या करडईच्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलिक ॲसिडच असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्या पिकाच्या जाती काढल्या, ज्याच्या काटेरी रांगा आपल्या ज्वारीच्या कडेने उभ्या असायच्या, ते हे पीक. ते शेतातून हटत गेले आणि दुकानात लिनोलिक ॲसिडचे नाव मिरवणाऱ्या बाटल्या आल्या.

ट्यूबचा धोका

शब्दांच्या गोंधळाकडे आता परत येऊ. दुकानात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटले की अनेकदा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब हाती पडते. दोन दिवसांत लाली ओसरते. गजकर्ण असेल तर स्टेरॉइडखाली बुरशी दबून पसरते आणि तिचे रूपही बदलते. इसब असेल तर तात्पुरते बरे वाटते आणि महिनोन् महिने तीच ट्यूब चालू राहते. त्वचा पातळ होते, रेषा उमटतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे केले. डॉक्टरने ठरवलेल्या ताकदीचे स्टेरॉइड, ठरावीक दिवस, हा इसबावरचा योग्य उपचार आहे. त्याला घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो चिठ्ठीशिवाय, नाव न कळता लावण्यात.

‘वनस्पतीजन्य’ या शब्दाने तो धोका टळतो, असेही नाही. २००३ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी मुलांच्या इसबासाठी विकली जाणारी २४ ‘हर्बल’ क्रीम तपासली. २० मध्ये न सांगता घातलेले स्टेरॉइड निघाले. दुसऱ्या टोकाला ब्रिटनच्या अधिकृत औषधकोशातले ‘ॲक्वियस क्रीम’. पिढ्यान् पिढ्या डॉक्टरांनीच लिहून दिलेले. त्यात फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट होते आणि त्याने त्वचेचा थर पातळ होतो, असे २०१० मध्ये दिसून आले. झाडपाल्याचे म्हणून सुरक्षित नाही, आणि सरकारी कोशातले म्हणूनही नाही.

मग घ्यावे काय?

या प्रश्नाचे उत्तर २०२२ मध्ये इंग्लंडमधून आले. इसब असलेल्या ५५० मुलांना लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांपैकी एकेक प्रकार दिला. १६ आठवड्यांनी कोणताही प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. ज्याला जे मानवले आणि जे तो रोज लावत राहिला, ते त्याचे उत्तम. त्याआधी २०२० मध्ये १३९४ बाळांवरच्या दुसऱ्या अभ्यासाने हेही स्पष्ट केले होते की, जन्मापासून वर्षभर मलम लावल्याने इसब होण्याचे टळत नाही. मॉइश्चरायझर झालेल्या इसबाला सांभाळते. त्याहून जास्त वचन देणाऱ्या पुड्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून दुकानात पाहायचे ते थोडके आहे. वास नको. ‘अनसेंटेड’ या शब्दावर थांबू नये, कारण वास झाकण्यासाठीही सुगंध घालतात. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेले हवे. घटकांची यादी जितकी आखूड तितकी बरी. मेथिलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक यादीत असेल तर बाटली खाली ठेवावी. ॲलर्जीमुळे युरोपने ते अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून काढून टाकले आहे. नवे काहीही आधी हाताच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, आठवडाभर लावून पाहावे. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. अंग टिपून ओलसर असतानाच मलम, आणि चोळायचे ते केसांच्या दिशेने.

दिवाळीच्या अंकात एक इशारा द्यायलाच हवा. ब्रिटनच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितले की, मलम मुरलेले कपडे आगीत नेहमीपेक्षा लवकर पेटतात. मलम व्हॅसलीनचे असो वा नसो, हा धोका राहतोच, आणि धुतल्यानेही तो पुरता जात नाही. ज्या मुलाला रोज मलम लागते, त्याला फुलबाजीपाशी पाठवताना कपडे ताजे, मलम न लागलेले घालावेत. त्याने पणतीपासूनही हातभर दूर राहावे.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि इतिहासाने त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले आहे. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मलम लागते, असे ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्याकडे ५० ग्रॅमची महागडी ट्यूब आणून ती महिनाभर पुरवली जाते. हळदीच्या, चंदनाच्या, बदामाच्या नावाने जेवढा पैसा जातो, त्यात साध्या शुद्ध पेट्रोलियम जेलीचे किंवा मूल सोसत असेल तर शुद्ध खोबरेलाचे मोठे डबे येतात. आपल्या पूर्वजांनी तेल हातभर घेतले, थेंबभर नाही. त्यांच्या द्रव्यांतली काही आज बाजूला ठेवावी लागतील, पण त्यांचा हात सढळ होता, आणि इसबाच्या त्वचेला आजही सर्वांत आधी तोच लागतो.